मुलगी तिसरीत, नवी शाळा (दादर). मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाते, कोणी खेळायला घेत नाही. काय करू?

आधी एवढं बघा: मुलींचं तिच्याकडे लक्षच जात नाही, की त्या तिला मुद्दाम टाळतात? १९८२ साली कोई, डॉज आणि कोपोटेली या अमेरिकी संशोधकांनी मुलांना वर्गात कोण सर्वांत आवडतं, कोण सर्वांत कमी आवडतं, हे विचारून गट पाडले. त्यात 'दुर्लक्षित' आणि 'नाकारलेली' मुलं वेगवेगळी निघाली. दुर्लक्षित मूल बहुतेकदा नुसतं शांत असतं, वर्ग बदलला की मिसळतंही. नाकारलेपण मात्र चिकटून राहतं, तिथे वर्गशिक्षिकेशी लगेच बोला.

नवीन मुलांचं खरं घोडं अडतं ते चालू खेळात शिरताना. खेळ थांबवून 'मला पण घ्या ना' म्हटलं, की बहुधा 'नाही' येतं. ज्यांना जमतं ती मुलं आधी बाजूला उभी राहून खेळ बघतात, मग त्याला धरूनच काहीतरी करतात: लांब गेलेला चेंडू आणून देणं, लगोरीच्या फरश्या गोळा करणं. हे घरी खोटंखोटं खेळून शिकवता येतं. (गिरगावच्या चाळीत आम्हीही कच्चं लिंबू म्हणूनच सुरुवात केली होती!)

वाढदिवसाला अख्खा वर्ग बोलावण्याचा फारसा उपयोग होत नाही, असं माझं मत. त्यापेक्षा बाईंना विचारून एकच मुलगी हेरा आणि रविवारी तिला आईसकट शिवाजी पार्कला बोलवा. तासभर पुरे. आणि रोज घरी आल्या आल्या 'आज कोणाशी बोललीस?' हे विचारणं तेवढं बंद करा.