एकच क्लिप, १९ वेळा

"बाबा पूर्वी असे नव्हते हो, मॅडम." मुलाचं हे पहिलंच वाक्य. माझ्याकडे हे वारंवार ऐकू येतं. कधी वडिलांबद्दल, कधी सासूबद्दल. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हे बाबा ६४ वर्षांचे, हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त. त्यांचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. नातीला खाली खेळायला सोडायचं नाही, कुणी दार वाजवलं की उघडायचं नाही. शेजाऱ्यांकडे वीस वर्षं ठेवलेली घराची जादा किल्लीसुद्धा त्यांनी परत मागून घेतली होती.

उतारवयात संशय एकाएकी वाढला तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. ऐकू कमी येणं, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, थायरॉईड, बी-१२ची कमतरता, कारण काहीही असू शकतं. तपासण्यांत काही निघालं नाही. मग विचारलं, "काका, दिवस कसा जातो?"

पहाटे पाचला जाग, आणि चष्म्याच्या आधी फोन हातात. ग्रुपवर रात्रभर साचलेल्या क्लिप. आठपासून बातम्यांचं चॅनेल, दुपारी पुन्हा तेच, रात्री गुन्ह्यांचा कार्यक्रम आणि अंथरुणात परत फोन. झोप जेमतेम साडेचार तास.

इथे माझं चुकलं. मी सरळ सांगून टाकलं, "पंधरा दिवस बातम्या बंद." निवृत्तीनंतर जगाशी उरलेला तेवढाच धागा मी तोडायला निघाले होते. चौथ्या दिवशी मुलाचा फोन आला. बाबा म्हणत होते, या बाईंना बाहेर काय चाललंय याचा पत्ताच नाही!

पुढच्या भेटीत बंदी मागे घेतली आणि त्यांना त्यांच्याच कामातलं काम दिलं. वहीत दोन रकाने करायचे. डावीकडे पडद्यावर दिसलेले गुन्हे, उजवीकडे प्रत्यक्ष भेटलेली माणसं आणि ती कशी वागली ते.

आठवड्याने वही आली. लाल पेनने चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. एका दिवसाच्या ३४ नोंदींखाली त्यांची स्वतःची टीप होती : 'प्रत्यक्ष घटना ५. लिफ्टमधल्या चोरीची एकच क्लिप १९ वेळा.' उजवीकडे आठवड्यात २७ माणसं, फसवणूक शून्य. एका अनोळखी मुलाने तर त्यांची पिशवी तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून दिली होती.

"दुबार नोंदी आहेत मॅडम," ते म्हणाले. "माझ्या ऑडिटमध्ये हे चाललं नसतं."

सतत टीव्ही पाहणाऱ्याला जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटू लागतं, असं जॉर्ज गर्बनर या अभ्यासकाने १९७०च्या दशकात मांडलं होतं. त्यावर पुढे वादही झाले. पण २०१३च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरचा अभ्यास मला विसरता येत नाही. त्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ स्फोटांच्या बातम्यांत घालवणाऱ्यांनी, घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त ताण नोंदवला होता. अर्थात मुळात घाबरलेला माणूसच जास्त बातम्या पाहतो, हेही आहेच. काकांचं तसंच होतं. झोप नाही म्हणून फोन, आणि फोनमुळे झोप नाही.

नंतरचे बदल साधे होते. रात्री फोन बाहेरच्या खोलीत, उशाशी गजराचं घड्याळ. बातम्या सकाळी अर्धा तास, त्याही वाचून. आणि संध्याकाळी साडेपाचला वीस मिनिटं 'काळजीची वेळ'. दिवसभरात मनात आलेली भीती वहीत टिपायची आणि विचार त्या वेळी करायचा. काका म्हणाले, साडेपाचपर्यंत निम्म्या नोंदी वाचाव्याशाही वाटत नाहीत.

झोप तीन आठवड्यांत सुधारली. संशयाला वेळ लागला. किल्ली दोन महिन्यांनी शेजारी परत गेली. नात खाली खेळते तेव्हा ते अजून बाकावर बसून राहतात. बसू देत, तेवढंच उन्हात बसणं होतं.

शेवटच्या भेटीला आत येताच म्हणाले, "मॅडम, तुमच्या बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू आहे. मी दहा मिनिटं बसलो, तेवढ्यात एकच अपघात सहा वेळा."

मी उठून बाहेर गेले. रिमोट सापडेना, शेवटी प्लगच काढला.