एक्स्प्रेस-वेवर नवी गाडी सरळ का जात नाही?

या वेळच्या पत्रांमध्ये नवी गाडी घेतलेल्यांची एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे. शहरात सगळं ठीक असतं, पण हायवेला वेग घेतला की स्टिअरिंगवर भरवसा वाटत नाही. वरवर तक्रार एक असली तरी या गाड्यांचे आजार वेगवेगळे आहेत, आणि दोन-तीन गाड्यांना तर आजारच नाही.

नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे. मुंबईत काही जाणवत नाही. पुण्याला जाताना ताशी ९० च्या आसपास मात्र गाडी एका रेषेत राहत नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाते आणि सतत थोडं थोडं सावरावं लागतं. सर्व्हिस सेंटरने दोनदा अलाइनमेंट केलं आणि ‘रिपोर्ट हिरवा आहे’ म्हणून गाडी परत दिली. — वाचक, मुलुंड

तुमच्या पत्रातली सर्वात कामाची गोष्ट म्हणजे ‘कधी डावीकडे, कधी उजवीकडे’. एकाच बाजूला ओढणारी गाडी आणि दोन्हीकडे भटकणारी गाडी यांची कारणं वेगळी असतात. दोन्हींवर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, हाच उतारा देणं ही आपल्याकडच्या वर्कशॉपची सवय झाली आहे.

सुरुवात हवेपासून करा. कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवर आणि यार्डात बराच काळ उभी राहणार असते, म्हणून टायरमध्ये जास्त हवा भरलेली असते. ती डिलिव्हरीपूर्वीच्या तपासणीत, म्हणजे पीडीआयमध्ये, योग्य पातळीवर आणायची असते. ते अनेकदा राहून जातं. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिलेलं असताना टायरमध्ये ४० च्या वर हवा असेल, तर टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा लहान होतो आणि गाडी प्रत्येक उंचसखलपणावर उडत जाते. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर विसंबू नका. काही शे रुपयांचा स्वतःचा गेज घ्या आणि सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी मोजा. चाललेल्या गाडीचे टायर तापलेले असतात आणि आकडा फुगलेला दिसतो.

हवा बरोबर निघाली तर तो हिरवा रिपोर्ट हातात घ्या. त्याची छापील प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे आणि त्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन्ही आकडे हवेत. पहिल्यांदा टो बघा, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत वळलेली आहेत की बाहेर. पुढची चाकं किंचित बाहेरच्या दिशेला उघडलेली असतील तर गाडी चंचल होते. मग कॅस्टर बघा. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणूनच हँडल आपोआप सरळ होतं, तसाच हा कोन. तो कमी असेल तर स्टिअरिंगची मध्यावर परतण्याची ओढ मंदावते, आणि दोन्ही बाजूंना वेगळा असेल तर गाडी कमी कोनाच्या बाजूला ओढते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत फक्त पुढचा टो हलवता येतो, कॅस्टर नाही. त्यामुळे नव्या गाडीत कॅस्टर मर्यादेबाहेर दिसला तर तो ‘सेट’ होणार नाही. काहीतरी वाकलंय किंवा सबफ्रेम, म्हणजे सस्पेन्शन ज्या चौकटीला जोडलेलं असतं ती, सरकून बसलीय, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय हिरवा रंग म्हणजे आकडा मर्यादेत आहे एवढंच. एक चाक मर्यादेच्या या टोकाला आणि दुसरं त्या टोकाला असलं, तरी कागद हिरवाच छापून येतो.

इथवर सगळं ठीक असेल तर माझा संशय घर्षणावर जाईल. रिकाम्या, सरळ रस्त्यावर ताशी ६० च्या वेगात स्टिअरिंग अगदी थोडं वळवा आणि पकड सैल करा. हात स्टिअरिंगभोवतीच ठेवा, सोडू नका. स्टिअरिंग बऱ्यापैकी मध्याकडे यायला हवं. उजवीकडे वळवल्यावर गाडी उजवीकडेच जात राहिली आणि डावीकडे वळवल्यावर डावीकडे, तर वरच्या स्ट्रट माउंटचं बेअरिंग, स्टिअरिंग कॉलमचा जॉइंट किंवा खालचा बॉल जॉइंट अडकतोय. नव्या गाडीत हे क्वचित होतं, पण होतं, आणि अलाइनमेंटच्या मशीनवर ते दिसत नाही. बऱ्याच गाड्यांत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य स्कॅनर लावून पुन्हा ठरवावा लागतो. तो ठरवला का, हेही विचारा.

एक शक्यता गाडीबाहेरची आहे. आधीची गाडी बुटकी सेडान होती का? उंच गाडी जास्त डोलते. आजच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचं मध्यावरचं वजन हलकं असतं, कोऱ्या टायरचे खोल ठोकळे पहिले काहीशे किलोमीटर जास्त लवचीक असतात आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेचं काँक्रीट सांध्यांनी भरलेलं आहे. हे सगळं एकत्र आलं की चालक घाबरून बॉनेटच्या पुढच्या वीस मीटरकडे बघायला लागतो आणि प्रत्येक हालचालीला उत्तर देतो. मग भटकण्यात निम्मा वाटा हातांचा असतो. नजर दूर ठेवून एकदा चालवून बघा आणि मग त्याच रस्त्यावर दुसऱ्या कोणाला तरी चालवायला देऊन तुम्ही बाजूला बसा.

समृद्धीवर ताशी ८५ पासून स्टिअरिंग थरथरतं, १०५ ला सर्वात जास्त आणि ११५ ला पुन्हा कमी होतं. गाडी चार महिन्यांची आहे. वेग वाढल्यावर थरथर कमी कशी होईल? — वाचक, कांदिवली

तुमचं वर्णन वाचूनच निदान निम्मं होतं. एका ठरावीक वेगपट्ट्यात येणारी आणि पुढे विरणारी थरथर म्हणजे जवळजवळ नेहमी चाकाचा असमतोल. टायरचा घेर साधारण दोन मीटर धरला तर ताशी १०० ला चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. रिमच्या कडेला ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्या वेगाला ते प्रत्येक फेरीत साडेचार किलोच्या आसपास ओढ देतं. सस्पेन्शन आणि स्टिअरिंग यांची स्वतःची एक लय असते. धक्क्यांची लय तिच्याशी जुळली की थरथर वाढते, वेग पुढे गेला की लय चुकते आणि ती कमी होते. दोष मात्र तिथेच असतो, म्हणून ११५ ला बरं वाटतं या कारणाने वेग वाढवणं हा उपाय नाही.

थरथर हातात जाणवते की सीटमध्ये? हातात असेल तर पुढची चाकं, सीट आणि फ्लोअरमध्ये असेल तर मागची. बॅलन्सिंग करताना समोर उभे राहा. चाक मशीनवर फिरत असताना रिमची कड स्थिर दिसते की लाटेसारखी हलते, हे नुसत्या डोळ्यांना कळतं. कड हलत असेल तर रिम एखाद्या खड्ड्यात वाकलाय, आणि आपल्या शहरात चार महिने त्याला पुरेसे आहेत. रिमच्या आत सुकलेला चिखल, पडून गेलेलं एखादं वजन, ही स्वस्तातली कारणं आधी तपासा. मशीन शून्य दाखवत असूनही थरथर राहिली तर टायर गोलाईत कमी आहे असं समजा. अशा वेळी पुढची चाकं मागे टाकून बघावीत. थरथर हातातून सीटमध्ये गेली की गुन्हेगार सापडला. टायरची वॉरंटी बहुतेक वेळा टायर कंपनीची असते, गाडी कंपनीची नाही, म्हणून टायरवर ठपका आला की डीलरला तसं लेखी द्यायला सांगा.

थरथर फक्त ब्रेक लावल्यावर येत असेल, तर वरचं सगळं विसरा आणि डिस्क तपासा. पावसाळ्यात यार्डात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर पॅडखाली गंज धरतो आणि तिथे पृष्ठभाग असमान होतो. आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं थरथरून मग शांत होणारी गाडी बराच काळ एका जागी उभी होती, टायर एका बाजूला चपटे बसले होते. हे बहुधा चालवून चालवून जातं.

अटल सेतूवर गाडी एका बाजूला ढकलली जाते. सी लिंकवरही थोडं तसंच होतं. इतर कुठेही नाही. — वाचक, शिवडी

वारा. अटल सेतूचा जवळपास साडेसोळा किलोमीटर भाग समुद्रावर आहे आणि पावसाळ्यात नैऋत्येचा वारा तिथे जवळजवळ आडवा लागतो. शिवडीहून नवी मुंबईकडे जाताना तो उजव्या अंगाने येतो आणि परतताना डाव्या. त्यामुळे परीक्षा सोपी आहे. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे ढकलत असेल, तर गाडीला हात लावायची गरज नाही. दोन्ही वेळा एकाच बाजूला जात असेल तर खालचं पालघरच्या वाचकांचं उत्तर वाचा.

पुलाच्या काही टप्प्यांत कडेला आडोसे आहेत. ते संपतात तिथे आणि मोठ्या बसच्या आडून बाहेर पडताना झोत अचानक लागतो. त्या क्षणी जोरात उलटं स्टिअरिंग मारू नका. तिथली वेगमर्यादा कारसाठी १०० आहे म्हणून पावसात १०० नेच जायचं असं नाही. वर कॅरिअर बांधलेला असेल तर तो काढून ठेवा, विनाकारण शीड घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

नव्या गाडीत एडास आहे. सरळ चालवत असताना स्टिअरिंग मध्येच स्वतःहून हलकासा झटका देतं. मुलगा म्हणतो फीचर आहे, मला तो बिघाड वाटतो. — वाचक, ठाणे

मुलाचं बरोबर असण्याची शक्यता जास्त. एडास म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा. तिच्यातल्या लेन कीप असिस्टचा, म्हणजे गाडी लेनमध्ये ठेवणाऱ्या फीचरचा, कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे वाचतो आणि तुम्ही पट्ट्याकडे सरकलात असं वाटलं की स्टिअरिंगच्या मोटरकरवी गाडी आत ढकलतो. जिथे जुने पट्टे नीट न खरवडता नवे मारले आहेत, डांबराच्या लांब रेघा उमटल्या आहेत किंवा काम चालू असल्यामुळे लेन वळवली आहे, तिथे तो गोंधळतो. मेनूमधून हे फीचर बंद करा आणि त्याच रस्त्याने पुन्हा जा. झटका गेला तर स्टिअरिंग निर्दोष.

पण तेवढ्यावर थांबू नका. काचेवर फास्टॅग कुठे चिकटवलाय ते बघा. आरशामागच्या कॅमेऱ्याच्या नजरेत फास्टॅग, देवाचा स्टिकर किंवा लोंबती माळ येत असेल तर कॅमेरा अर्धवट बघतोय. पुढची काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करावंच लागतं. माझं मत विचाराल तर मुंबईच्या हद्दीत हे फीचर बंद ठेवावं आणि पट्टे स्वच्छ असलेल्या मोकळ्या रस्त्यावरच चालू करावं. फीचर बंद असतानाही झटका येत असेल, किंवा डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागत असेल, तर मात्र तो खरोखरचा बिघाड आहे. गाडी चालवत नेऊ नका, रोडसाइड असिस्टन्सला बोलवा.

गाडी कायम डावीकडेच ओढते. — दोन वाचक, पालघर

पाणी वाहून जावं म्हणून आपल्या दुभाजक असलेल्या रस्त्यांना सहसा डावीकडे उतार असतो. म्हणून हलकी डावी ओढ नैसर्गिक आहे. वळणावर किंवा पुलावर उतार बदलतो, तिथे ओढ बदलते का बघा. बदलत नसेल तर पुढच्या दोन चाकांची आपसांत अदलाबदल करा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र हे करू नका. ओढ उजवीकडे आली तर दोष टायरच्या बांधणीत आहे. काहीच बदललं नाही तर लांबच्या फेरीनंतर चाकांजवळ हात नेऊन बघा, स्पर्श न करता. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप तापलेलं असेल तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाहीये. अलाइनमेंट हे सगळं झाल्यावर.

सर्व्हिस सेंटर म्हणतं, ‘या मॉडेलच्या सगळ्या गाड्या अशाच आहेत.’ आता काय करायचं? — वाचक, डोंबिवली

मग त्यांच्याच डेमो कारमध्ये बसून त्याच रस्त्यावर जायची मागणी करा. शोरूमच्या मागच्या गल्लीत घेतलेल्या ट्रायलला काही किंमत नाही. डेमो कार सरळ गेली तर वाद संपला. तीही भटकली तर तुम्हाला मॉडेलचा स्वभाव आवडत नाही, हे कबूल करावं लागेल.

जॉब कार्डवर ‘स्टिअरिंग प्रॉब्लेम’ एवढंच लिहू देऊ नका. ‘ताशी ९० च्या वर, कोरड्या सरळ रस्त्यावर, ब्रेक न लावता, दोन्ही बाजूंना भटकते’ असं लिहून घ्या आणि प्रत्येक भेटीची प्रत जपा. तीच तक्रार तीन जॉब कार्डांवर तशीच उतरली की कंपनीच्या एरिया मॅनेजरला टाळाटाळ करणं अवघड जातं. तरी काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

डिलिव्हरीच्या आठवड्यातच बाहेरून रुंद टायर आणि मोठे रिम बसवले. आता ट्रकच्या चाकोरीत गाडी खेचली जाते. — वाचक, कल्याण

रुंद आणि बुटक्या कडांचा टायर रस्त्यातली प्रत्येक चाकोरी पकडतो. रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम किती आत किंवा बाहेर बसतो ते अंतर, बदलला असेल तर स्टिअरिंगची भूमितीही बदलते. वॉरंटीत डीलर याच कारणाने हात झटकेल, आणि या बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे. मूळ चाकं विकली नसतील तर बसवून एक फेरी मारून या. विकली असतील तर निदान मूळ मापाचे टायर आणि रिम शोधा. त्याआधी अलाइनमेंटवर पैसे घालवू नका.