खांदा बरा झाला, पण हात पुढे जात नाही

"ऑपरेशन होऊन सात महिने झाले. डॉक्टर म्हणतात, खेळ. पण समोरच्यानं धरायला हात पुढे केला की माझा हात आपोआप छातीशी येतो. मी भित्रा झालो का?"

मी खेळाडूंची समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येतो. फुटबॉल खेळणारी मुलं गुडघ्याबद्दल विचारतात, कुस्ती आणि ज्युदोची मुलं बहुतेक वेळा खांद्याबद्दल. उत्तर म्हणून एका मुलाची हकिकत सांगते. त्याची आणि त्याच्या वडिलांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा वीस वर्षांचा, नागपूरचाच, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मातीवर वाढला, नंतर मॅटवर आला. वडील कळमना मार्केटमध्ये हमाल. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंसाठीच्या 5 टक्के आरक्षणावर घरादाराची नजर. मे महिन्यात, दुपारी रस्ते ओस पडतात अशा उन्हात, तो माझ्या खोलीत येऊन बसला आणि पहिली दहा मिनिटं पंख्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मले भेव नाही लागत मॅडम. खांदाच ऐकत नाही."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं. खांदा ऐकत नव्हता हे खरंच होतं. तो कुणाचं ऐकत होता, हे शोधायचं होतं.

आधी दुखापतीबद्दल. नागपंचमीच्या आसपास कुस्तीच्या सरावात जोडीदारानं ढाक (समोरच्याला पाडण्याचा एक डाव) लावली आणि पडताना यानं तोल सावरायला डावा हात बाहेर टाकला. हात बाजूला पसरलेला, पंजा मागे वळलेला आणि वरून दोघांचं वजन. खांदा पुढच्या बाजूनं निखळण्याचा हा अगदी नेहमीचा मार्ग. आखाड्यातल्याच एका जाणत्या माणसानं हात ओढून तो बसवला. तीन आठवड्यांत हा पुन्हा मॅटवर उतरला आणि सप्टेंबरच्या शेवटी खांदा दुसऱ्यांदा निखळला. ऑक्टोबरमध्ये दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली.

खांद्याचा सांधा कसा असतो ते मी त्याला टेबलावर दाखवलं. बशीवर संत्रं ठेवलं. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि खोबण उथळ, त्यामुळे गोळ्याचा पाव ते तिसरा हिस्साच एका वेळी खोबणीला टेकलेला असतो. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच निसटतोही. बशीला जशी उंच कड असते तशी खोबणीला कूर्चेची कड असते. खांदा पुढे निखळताना ती कड बहुतेक वेळा खालून पुढच्या बाजूला सुटते. बँकार्ट नावाच्या ब्रिटिश शल्यविशारदानं 1923 साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती शिवण्याच्या शस्त्रक्रियेला त्यांचंच नाव आहे. वीस वर्षांखालच्या आणि अंगाला अंग भिडणाऱ्या खेळातल्या मुलांमध्ये पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. तीन आठवड्यांत परतणं ही त्याच्या हिमतीची खूण होती, पण ते शहाणपणाचं नव्हतं, आणि त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. आखाड्यात खांदा निखळला तर तो कुणालाही ओढू देऊ नका. हाड मोडलेलं असू शकतं, आणि काखेतून जाणारी नस ताणली जाऊन दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो. एक्स-रे आधी, बसवणं नंतर.

माझ्याकडे येणारे पालक अनेकदा धरून चालतात की डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणजे उरलेला प्रश्न फक्त मनाचा. मी तसं धरून चालत नाही. मुलाची परवानगी घेऊन मी त्याच्या फिजिओथेरपिस्टला फोन केला. निखळलेल्या खांद्यासाठी एक तपासणी असते. रुग्णाला आडवं करून हात खांद्याच्या पातळीला बाजूला नेतात, कोपर वाकवतात आणि पंजा हळूहळू मागे वळवतात. हे करताना डॉक्टरांचं लक्ष रुग्णाच्या चेहऱ्यावर असतं. "आता निसटेल" ही धास्ती तिथे उमटते का, ते ते पाहतात. दुखलं एवढ्यानं ती तपासणी सकारात्मक होत नाही. वैद्यकशास्त्र भीतीला इतका मान देतं, हे ऐकून तो मुलगा पहिल्यांदा थोडा सरळ बसला. त्याची ती तपासणी आता साफ होती. दोन्ही हातांच्या ताकदीत नावापुरताच फरक उरला होता. शिवलेली कड धरून होती. भीती मात्र दुसऱ्या वेळच्या मापाची राहिली होती.

मग कामाला लागलो. आखाड्यातल्या कामांची यादी करून प्रत्येकासमोर 0 ते 10 असा भीतीचा आकडा लिहायला सांगितला. मला वाटलं होतं ढाक सगळ्यात वर येईल. सावकाश लावलेल्या ढाकेला त्यानं 5 दिले. हप्ता भरणं, म्हणजे कुस्तीतला पकडीचा डाव, याला 6. आणि "आखाड्यात जाऊन नुसतं बसणं" याला 8.

मी पेन खाली ठेवलं. "बसण्याला 8?"

"सगळे विचारते ना मॅडम, काऊन रे, कधी उतरतो."

त्या सात महिन्यांत तो तीनदा आखाड्याच्या दारापर्यंत जाऊन परत आला होता. घरी सांगायचा, पोट दुखते. रात्री मोबाईलवर एकच लढत पुन्हा पुन्हा पाहायचा: 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधली निशा दहियाची. 68 किलो गटाच्या उपांत्यपूर्व फेरीत ती पुढे होती, हाताला दुखापत झाली, तशीच लढत राहिली आणि 8-10 अशी हरली. "ते रडते तिथं मी थांबवतो व्हिडिओ," तो म्हणाला. मी त्याला विनेश फोगाटची आठवण दिली. 2016 मध्ये रिओला गुडघ्याच्या दुखापतीनं ती स्ट्रेचरवरून बाहेर गेली आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकली. त्याला दोन्ही गोष्टी पाठ होत्या. मधली दोन वर्षं मात्र त्यानं कुठेच पाहिली नव्हती, कारण ती कुणी चित्रित करून ठेवत नाही. त्या दोन वर्षांवर आम्ही एक पूर्ण तास बोललो. खेळाडूंशी बोलताना मला हाच काळ सगळ्यात मोलाचा वाटतो.

तरीही 8 चा आकडा मला स्वस्थ बसू देईना. लोकांच्या प्रश्नांनी पोरगा दारातून परत येईल, असं त्याच्याकडे पाहून वाटत नव्हतं. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "समज उद्या खांदा पुन्हा निखळला. पहिला विचार कोणाचा येईल?"

तो बराच वेळ गप्प होता. "बाबाचा."

शस्त्रक्रियेसाठी वडिलांनी ओळखीच्या माणसाकडून चाळीस हजार उसने घेतले होते. तेव्हापासून ते सकाळच्या पाळीनंतर थांबून संध्याकाळच्या गाड्याही खाली करत होते. घरी यावर कोणी बोलत नव्हतं. हा रात्री ऐकायचा, आई बाबांच्या खांद्याला तेल लावताना बाबा कण्हतात ते. त्याच्या डोक्यात हिशेब पक्का बसला होता: माझा खांदा निसटला की बाबाच्या खांद्यावर एक पोतं वाढते.

अशी भीती श्वासाच्या व्यायामानं जात नाही. मी वडिलांना बोलावलं.

ते रविवारी आले, मार्केटच्या कपड्यांतच. खुर्चीच्या टोकावर बसले. "मॅडम, माह्या खांदा 22 वर्षं झाले दुखते. म्या कधी भेलो नाही. याले काय झालं?"

मी त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं. "भाऊ, पोतं पाठीवर कोण चढवतं?"

"दोघं जण चढवून देते."

"एकट्यानं नाही उचलत?"

"एकट्यानं कोण उचलते बाप्पा! मणका जाईन."

"आणि कामाला लागलात तेव्हा पहिल्या दिवशीच पोतं उचललंत?"

"नाही नाही. पहिले तर संत्र्याच्या टोपल्या वाहिल्या दोन महिने." एवढं बोलून ते थांबले आणि पोराकडे पाहू लागले. त्यापुढे मला काही समजवावं लागलं नाही.

मी एकच विनंती केली: कर्जाचा आकडा याला सांगा. त्यांनी सांगितला. 9 हजार उरले होते. पोराला वाटत होतं, अजून तीस तरी असतील. दोघंही एकमेकांकडे न पाहता रडले. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि गप्प राहिले. दुखापत झालेल्या खेळाडूच्या आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पैशाचा खरा आकडा मुलांपासून लपवू नका. लपवलेला आकडा त्यांच्या मनात वाढत जातो.

त्यानंतरची शिडी आम्ही तिघांनी मिळून बांधली: मी, मुलगा आणि फिजिओ. पहिला आठवडा फक्त पहाटे साडेपाचला आखाड्यात हजेरी, ती पण काम घेऊन. फिजिओच्या परवानगीनं त्यानं हौद्यातली माती खणायला, भिजवायला घेतली. हातात फावडं असलं की "कधी उतरतो" असं कोणी विचारत नाही. मग जोर-बैठका. मग नुसतं पडणं. हात पोटाशी, हनुवटी छातीशी, खांद्याच्या मागच्या बाजूवरून गोल लोळण. पडताना हात बाहेर टाकण्याची सवयच त्याला नडली होती, त्यामुळे हे पडणं त्यानं शेकडो वेळा केलं. पुढे ओळखीच्या जोडीदाराबरोबर खडाखडी, म्हणजे उभ्यानं हाताला हात भिडवणं, मग सावकाश ढाक. आकडा 3 किंवा त्याखाली आला की पुढची पायरी.

वस्तादांना मी भेटले. ते मनानं चांगले, पण त्यांचा इलाज एकच होता: "मन घट्ट कर." मी मागितलं एवढंच, की सरावात त्यानं "थांब" म्हटलं तर जोडीदारानं त्याच क्षणी सोडावं. त्यांना ते पटलं नाही. कुस्तीत थांब कुठे असतं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच होतं. शेवटी सहा आठवड्यांपुरते कबूल झाले. मुलानं त्या काळात "थांब" दोनदाच म्हटलं. तो शब्द हाताशी आहे एवढ्यानंच त्याचे आवळलेले स्नायू सैल झाले होते.

पाचव्या आठवड्यात बिघडलं. जुलैमध्ये एक निवड चाचणी होती आणि तिच्यासाठी मी दोन पायऱ्या एका आठवड्यात घ्यायला होकार दिला. ही माझी चूक. हप्ता भरताना खांद्यात कट्ट असा आवाज आला, आणि तो दोन आठवडे आखाड्यातही दिसला नाही, माझ्याकडेही आला नाही. फोन उचलेना. शेवटी वडीलच त्याला फिजिओकडे घेऊन गेले. खांदा शाबूत होता. वेदना नाही, निसटल्याची जाणीव नाही, आणि नुसता आवाज शस्त्रक्रियेनंतर अनेकांना येतो. पण रात्री झोपेत हात डोक्यावर गेल्यावर खांदा सरकल्यासारखा वाटला, हातातली ताकद एकदम गेली किंवा बधिरपणा आला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडेच जायचं. हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. आता प्रत्येकाला पहिल्याच भेटीत लिहून देते.

निवड चाचणी आम्ही सोडून दिली. त्याला वाईट वाटलं, मलाही. शिडी दोन पायऱ्या खाली आणली. नागपंचमीला तो लढला नाही, हौद्याच्या कडेला उभा राहून लहान पोरांच्या जोड्या लावत होता.

पोळ्यानंतर, शस्त्रक्रियेला अकरावा महिना लागत असताना, डॉक्टरांची पुन्हा परवानगी घेऊन तो एका छोट्या दंगलीत उतरला. संध्याकाळी फोन आला.

"हारलो मॅडम. ढाकेवरच गेलो."

"आणि हात?"

"पोटाशी होता." मागे कुठेतरी वडील कोणाला तरी मोठ्यानं सांगत होते, पोरगं पडलं पण बरोबर पडलं. मी त्याला आकडा विचारला.

"डाव्या बाजूनं ढाक आली तर अजूनही 3 आहे," तो म्हणाला. "उद्या सकाळी पुन्हा पडून पाहतो."