पेप्टाइड थेरपी म्हणजे नक्की काय? ती कशासाठी वापरतात?

नाव नवं वाटतं, पण प्रकार जुनाच. १९२२ साली मधुमेहाच्या रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तीही पेप्टाइड थेरपीच होती.

अमिनो आम्लांची (प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची) छोटी माळ म्हणजे पेप्टाइड, आणि ती औषध म्हणून देणं म्हणजे पेप्टाइड थेरपी. माळ बरीच लांबली की तिला प्रथिन म्हणतात. इन्सुलिनमध्ये असे ५१ मणी. प्रसूतीच्या कळा वाढवायला देतात त्या ऑक्सिटोसिनमध्ये जेमतेम ९. शरीरात यांचं काम निरोप्याचं: पेशीवरच्या ठरावीक जागी जाऊन बसायचं आणि पुढचं काम सुरू करून द्यायचं.

अडचण अशी की पोट त्यांना अन्नासारखंच पचवून टाकतं, म्हणून बहुतेक औषधं सुईवाटेच. शिवाय ती फार टिकत नाहीत. जेवल्यावर आतड्यातून सुटणारं जीएलपी-१ हे पेप्टाइड दोनेक मिनिटांत निम्मं होतं. त्याच्या रचनेत फेरफार करून, चरबीची एक शेपटी जोडून सेमाग्लुटाइड बनवलं. आठवड्यातून एकदा टोचलं तरी पुरतं. मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्हींवर चालतं. (याच गटातलं एक्सेनाटाइड एका विषारी सरड्याच्या लाळेवरून सुचलं!) ठिसूळ हाडांसाठी टेरिपॅराटाइड, प्रोस्टेटच्या कर्करोगात ल्युप्रोलाइड.

‘फक्त संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बीपीसी-१५७ सारख्या पेप्टाइडच्या कुप्या मात्र यात धरू नका. त्यांचे बहुतेक प्रयोग प्राण्यांवरचे आहेत, आणि कुपीत नेमकं काय भरलंय याचीही खात्री नसते. मी तरी टोचून घेणार नाही.