स्वप्नातले बेट आणि पायाखालचे बेट

प्रश्न : लहानपणी दीर्घ आजारपणात अंथरुणावर पडून मी भिंतीवरचे एक चित्र तासन् तास पाहत असे. पांढरी वाळू, पाण्याकडे झुकलेला माड, निळाशार समुद्र आणि दूरदूरपर्यंत माणसाचा मागमूस नाही. स्वर्ग असाच असणार, अशी माझी ठाम समजूत होती. आता पन्नाशी उलटल्यावर उष्ण कटिबंधातल्या एका प्रवाळबेटावर आठ दिवस राहून आलो. चित्रातले सारे काही तिथे होते; पण दमट उकाडा, डास, किनाऱ्याला लागलेले प्लास्टिक आणि विहिरीचे मचूळ पाणी यांनी मन खट्टू झाले आणि चौथ्याच दिवशी घरची ओढ लागली. माझे स्वप्न खोटे होते, की मला ते बेट पाहताच आले नाही?

उत्तर : आपल्या पत्रातल्या मचूळ पाण्यापाशी मी थबकले, कारण अशा बेटाचे सारे जगणे त्या पाण्यावरच अवलंबून असते. तिथे नदी नसते, डोंगर नसतो. पावसाचे पाणी सच्छिद्र प्रवाळखडकात झिरपते आणि खालच्या जड खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराचा एक थर होऊन तरंगत राहते. पाऊस लांबला किंवा उपसा वाढला की खालचा खारटपणा वर चढतो. चित्रातल्या बेटावर कुणाला तहान लागत नाही, म्हणून तिथे विहीर काढण्याचे चित्रकाराला कधी सुचले नसावे.

असली चित्रे बहुधा पाहुण्यांच्या नजरेने रंगवलेली असतात. फ्रेंच दर्यावर्दी बूगेनव्हिल १७६८ मध्ये प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर पोहोचला, दहा दिवसही पुरते न राहता निघाला आणि ग्रीक प्रेमदेवतेच्या सिथेरा बेटावरून त्याने त्या भूमीला ‘नवे सिथेरा’ असे नाव दिले. तिथल्या रहिवाशांची शेते, मासेमारी, आपापसातली भांडणे यांना त्या नावात जागा नव्हती. आपल्या चित्रातला निर्मनुष्य किनारा याच परंपरेतला आहे. तरीही आपले स्वप्न खोटे होते, असे मला वाटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या मुलाला जिथे औषध नाही, कुणाची काळजीत पडलेली नजर नाही, अशी जागा हवी होती. ती त्याला वाळू आणि माडाच्या रूपात दिसली. ते मागणे खरे होते, परंतु ते पुरवण्याचे काम कोणत्याही बेटाचे नव्हे.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळते. अशाच एका बेटावर गेले असताना मी मूठभर वाळू तळहातावर पसरून भिंगाखाली पाहिली होती. तिच्यात दगडाचा एकही कण नव्हता. शिंपल्यांचे कपचे होते, प्रवाळाचे भुरकट तुकडे होते, समुद्री साळूचा एक मोडका काटा होता. त्या पांढऱ्या वाळूचा बराचसा भाग पोपटमाशाच्या पोटातून आलेला असतो. हा मासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो, त्यावरचे शेवाळ पचवतो आणि दळलेला चुना बाहेर टाकतो. मोठा मासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू तयार करतो. ज्या वाळूला आपण लहानपणी स्वर्गाची जमीन मानले, ती अशी रोज दळली जात असते.

ती वाळू ज्या खडकावर साचते त्याची हकीकत तर याहून लांबची आहे. ज्वालामुखीचे बेट सावकाश खचत जाते आणि त्याच्या कडेचे प्रवाळ उजेडासाठी वर वर वाढत राहते, त्यातून कंकणद्वीप, म्हणजे बांगडीच्या आकाराचे प्रवाळबेट, तयार होते, असे डार्विनने १८४२ मध्ये मांडले. पुढे १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक या कंकणद्वीपावर खोल छिद्र पाडले, तेव्हा १,२०० मीटरहून अधिक जाडीच्या प्रवाळी चुनखडीखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला.

युरोपीय भाषांतल्या ‘पॅराडाइज’ या शब्दाचे मूळ प्राचीन इराणी असून त्याचा अर्थ ‘भिंतीने वेढलेले आवार’ असा होता. प्रवाळबेटाची ती भिंत म्हणजे बाहेरचा प्रवाळकठडा. लाटा तिथेच फुटतात, म्हणून आतले पाणी आपल्या चित्रातल्यासारखे निळे आणि शांत राहते. ही भिंत जिवंत आहे आणि ती संकटात आहे, याची मला मनापासून काळजी वाटते. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळाच्या शरीरातली, त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवले बाहेर टाकली जातात आणि ते पांढरेफटक पडते. १९९८ मध्ये हे जगभर घडले आणि त्यानंतरही पुन्हा पुन्हा घडत आले आहे.

पुन्हा जाण्याचा योग आला, तर किनाऱ्यावर बसून चित्राशी ताडून पाहू नका. शक्य झाल्यास तिथल्याच एखाद्या जाणत्या माणसाबरोबर, भरतीचे वेळापत्रक विचारून, कठड्यालगतच्या उथळ पाण्यात उतरा. डोके पाण्याखाली घालून, हालचाल न करता थोडा वेळ थांबा. पोपटमासे जवळ असतील, तर खडक खरवडल्याचा कुरकुर आवाज आपल्याला स्पष्ट ऐकू येईल.