भावनिक अडचणी असलेल्या मुलांच्या समर डे कॅम्पमध्ये काम करणं कसं असतं? मला झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की सायकॉलॉजी शिकताय, थेरप्युटिक डे कॅम्पमध्ये ग्रुप काउन्सेलरची जागा मिळतेय, आणि रोज नक्की काय करावं लागतं ते कळत नाहीये. मी अशा कॅम्पमध्ये ग्रुप सांभाळलेत, नंतर नवीन लोकांना ट्रेनिंगही दिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे खुर्चीत समोरासमोर बसून थेरपी, हे चित्र डोक्यातून काढून टाका. ते काम थेरपिस्टचं. तुम्ही बॉल खेळणार, पाण्यात उतरणार, गोंद सांडला की पुसणार, रांग लावणार, आणि या सगळ्यात मुलं भांडतात, रुसतात, टेबलाखाली जाऊन बसतात, तेव्हा जवळ तुम्हीच असणार, आणि खरं काम तिथेच असतं. फ्रिट्झ रेडल नावाचे एक गृहस्थ होते, त्यांनी १९४६ मध्ये डेट्रॉइटला अतिशय आक्रमक मुलांसाठी निवासी घर चालवलं, त्यांचं म्हणणं असं की भांडण झालं की त्याबद्दल तिथल्या तिथे, तिथे हजर असलेल्या मोठ्या माणसानेच बोलावं, थेरपिस्टच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नये. याला ते लाइफ स्पेस इंटरव्ह्यू म्हणायचे. माझ्या मते काउन्सेलरच्या कामाचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

दुसरी पद्धत पॉइंटची. विल्यम पेलहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत एडीएचडीवाल्या (म्हणजे लक्ष टिकत नाही, शांत बसवत नाही अशा) मुलांसाठी समर प्रोग्रॅम सुरू केला, त्यात दिवसभर वागण्याप्रमाणे पॉइंट मिळतात आणि कापलेही जातात. बरेच कॅम्प आज यातलं थोडंफार वापरतात. चालतं हे, पण पॉइंट कापताना तुमच्या आवाजात राग आला की मुलाला पॉइंट ऐकूच येत नाही, फक्त राग ऐकू येतो. शांतपणे सांगायचं आणि पुढे जायचं, वाद घालायला थांबायचं नाही.

आता जे मी प्रत्येक नवीन माणसाला घोकून सांगते ते. खेळ चालू असताना फारसं काही बिघडत नाही, बिघडतं ते एक खेळ संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या मधल्या वेळात! बॉल परत करा, बूट घाला, पाणी प्या, रांगेत या, एवढ्यात कुणीतरी ढकलतं आणि संपलं. म्हणून आधी दोनदा सांगायचं की आता थांबायचंय, पुढे कोण मागे कोण उभं राहणार ते सकाळीच दुसऱ्या काउन्सेलरशी ठरवून टाकायचं, आणि ज्या मुलाला थांबणं सगळ्यात जड जातं त्याच्याकडे बॉलची पिशवी द्यायची. एखादा तापायला लागलाय असं दिसलं की चिठ्ठी देऊन त्याला ऑफिसातल्या ताईंकडे पाठवायचं, चिठ्ठीत काही नसलं तरी चालतं, फक्त ताईंना आधी सांगून ठेवायचं, आणि ज्याला पळून जायची सवय आहे त्याला एकट्याला धाडायचं नाही.

आणि भडकलाच तर कमी बोला. खरंच, दोन-तीन शब्द पुरे. अंगावर धावून जाऊ नका, जरा बाजूला उभे राहा, जमलं तर बाकीच्या मुलांना तिथून हलवा कारण बघणारे असले की त्याला माघार घेता येत नाही. "का केलंस?" हे तर विचारूच नका, त्या क्षणी त्याच्याकडे उत्तर नसतं. बोलणं नंतर, तो थंड झाल्यावर.

अजून एक, लक्ष वेधायला केलेल्या आरडाओरड्याकडे दुर्लक्ष करायचं ठरलं असेल तर तो आधी वाढतो मग कमी होतो. नवीन माणूस नेमका तो वाढल्यावर हार मानतो आणि मूल शिकतं की अजून जोरात ओरडायचं.

पहिले काही दिवस सगळी गुणी असतात, त्यावर जाऊ नका 😄 मग तुम्हाला तपासून बघणं सुरू होतं. दुपारी वेगळाच प्रकार, मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तासांत उतरतो, त्यामुळे सकाळचं पोरगं आणि जेवणानंतरचं पोरगं एकच वाटत नाही (गोळ्या मात्र नर्सच देणार, तुम्ही हातही लावायचा नाही). शेवटच्या आठवड्यात सुधारलेला मुलगा अचानक लाथा मारायला लागतो, कॅम्प बकवास आहे म्हणतो. निरोप घेणं जमत नाही ना, त्यापेक्षा भांडून जाणं सोपं. म्हणून शेवटचा दिवस कधी ते कॅलेंडरवर आधीपासून दाखवत राहायचं.

डे कॅम्प आहे म्हणजे संध्याकाळी पालक न्यायला येतात. या आईवडिलांना शाळेतून तक्रारी ऐकायची इतकी सवय असते की तुम्हाला बघूनच चेहरा उतरतो. गेटवर मुलासमोर आज घडलेली एक नेमकी चांगली गोष्ट सांगा, बाकीचं सुपरवायझर फोनवर बोलतील. मुलाने घरी मार बसतो वगैरे काही सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, खोदून विचारू नका, त्याच दिवशी सुपरवायझरच्या कानावर घाला.

झेपेल का हे मी इथून कसं सांगू, ते बरंचसं कॅम्पवर आहे. इंटरव्ह्यूत विचारा की एका काउन्सेलरमागे किती मुलं, रोज मुलं गेल्यावर टीम बसून बोलते का, मुलाला हाताने धरून आवरायची वेळ आली तर कोण धरतं आणि त्याचं ट्रेनिंग कधी देतात. या शेवटच्या प्रश्नावर "तशी वेळच येत नाही आमच्याकडे" असं उत्तर आलं तर ती जागा सोडून द्या.