पांढरी ट्यूब घरी ठेव

प्रिय,

परवा रात्री साडेअकराला तू पाठवलेली तिन्ही चित्रं मी तेव्हाच पाहिली. उत्तर मुद्दामच दिलं नाही, रागाच्या भरात काहीतरी लिहिलं गेलं असतं. आत्ता सकाळ आहे, बाहेर पाऊस लागून राहिलाय. राग सगळा गेलेला नाही, तरी लिहिते.

तू विचारलंस, जलरंग सोडून अ‍ॅक्रिलिक रंगांकडे वळू का? तुझं म्हणणं, जलरंगात चूक झाली की कागद वाया जातो, अ‍ॅक्रिलिकमध्ये ती झाकता येते. ऑर्डर कॅनव्हासला मिळतात. आणि वडील विचारतात, फुलं काढून पुढे काय. वडिलांची काळजी खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाकीच्यावर आहे.

तगरीचं चित्र समोर घे. आधी सगळी हिरवी पानं एकसलग भरलीस, सुकू दिलीस आणि वरून पांढऱ्या ट्यूबनं फुलं टेकवलीस. मी मोजली, सत्तावीस आहेत. तगरीच्या पाच पाकळ्या भिंगरीसारख्या एकाच अंगाला वळलेल्या असतात. तुझी निम्मी फुलं सरळ आहेत, कारण तू ब्रश दाबलास आणि उचललास. ते सुधारेल, बघत गेलास की सुधारतं. माझं भांडण त्या पांढऱ्याशी आहे. हिरव्यावर चुन्याचे थेंब उडाल्यासारखं दिसतंय ते. त्यात फूल नाही.

काय रंगवायचं नाही, ते आधी ठरव. एम्प्रेस गार्डनमध्ये त्या दिवशी ओढ्याकाठी बसलो होतो तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. तू मान डोलावलीस आणि लगेच पेन्सिल चालवायला लागलास.

पुन्हा सांगते, या वेळी नीट ऐक. एक तगरीचं फूल घे, एकच. डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहा. पांढरं म्हणतोस त्यातलं खरं पांढरं किती आहे? उन्हाकडच्या दोन पाकळ्या, तिसरीची कड, संपलं. उरलेल्या पाकळ्यांवर आभाळाचा निळा उतरलेला असतो, खालच्या पानाचा हिरवा चढलेला असतो आणि गळ्याशी किंचित पिवळसर असतं. कोबाल्ट ब्लूमध्ये बर्न्ट सिएनाचा, त्या तांबूस तपकिरीचा, कण टाक, भरपूर पाणी घाल आणि तेवढी सावलीच ठेव. उन्हाच्या पाकळ्यांना ब्रश लावायचा नाही, तिथे कागदाचाच पांढरा राहू दे. मग मागचं पान घे, गडद, आणि फुलाच्या कडेपर्यंत आणून थांबव. तिथे पानाची कड संपते आणि फुलाची सुरू होते. फूल तू काढलेलंच नसतं, तरी ते उभं राहतं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि कागद हातात धरून स्वयंपाकघरात आईला दाखवायला पळत गेले होते.

मास्किंग फ्लुइड, कागद कोरा राखायला लावतात तो रबरी द्रव, वापरू का, हे विचारणारच आहेस. वापर, पण आधी शंभर फुलं हातानं सोडून झाल्यावर. पावसाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, लवकर वाळत नाही, वरून कोरडा दिसतो आणि आत ओल असते. त्यावर घाईनं दुसरा हात दिलास की पाणी पसरून दातेरी डाग पडतात. तुझ्या दुसऱ्या चित्रात, जास्वंदीच्या पाकळीवर, तेच झालंय. हाताची पालथी बाजू कागदाला हळूच लाव. गार लागला तर थांब.

सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ तू मोबाइलवर पाहिलं असशील. हातात दिवा धरलेली बाई, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. कित्येकांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं, आणि तैलरंगातलं. ते सावंतवाडीच्या हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. बोटांच्या फटींतून दिव्याचा उजेड लालसर झिरपतो, तो बघ. हा उजेड शेवटी वरून ठेवता येत नाही. कुठे उजेड राहणार हे पहिल्या वॉशच्या आधी माहीत असावं लागतं.

आता अ‍ॅक्रिलिक. मी त्याची शत्रू नाही हे तुला ठाऊक आहे, माझ्या घरात त्याचे डबे आहेत. अकरा वर्षं मी फक्त तेच केलं. बंगल्यांच्या दिवाणखान्यांसाठी, हॉटेलांच्या लॉबीसाठी बागांची चित्रं. बोगनवेल, कमळांचं तळं, पुन्हा बोगनवेल. तीन फूट बाय चार फूट, सोफ्याच्या रंगाला जुळणारी. त्या पैशांवर माझ्या मुलीचं शिक्षण झालं, घराचे हप्ते फिटले. त्याबद्दल मला कुणी बोललेलं मी ऐकून घेत नाही. आमच्या वेळी एकटीनं घर चालवणाऱ्या बाईला जलरंगाच्या आठ इंची चित्रावर कोण काय देणार होतं? ते काम मी प्रामाणिकपणे केलं, वेळेवर दिलं.

पण खरं ते तुला सांगायलाच हवं. त्या अकरा वर्षांत माझा हात ठरवायचं विसरला. नाही आवडलं, झाकलं. पुन्हा नाही आवडलं, पुन्हा झाकलं. बावन्नाव्या वर्षी जलरंगाकडे परत आले तेव्हा साधा मोगऱ्याचा गजरा जमेना. कागद समोर असायचा आणि काय सोडायचं ते दिसायचंच नाही. दोन पावसाळे गेले त्यात. म्हणून म्हणते, काय रंगवायचं नाही, ते आधी ठरव. माध्यम कुठलंही घे.

अ‍ॅक्रिलिकमध्येही हे चालतं, उलट तिथेच जास्त लागतं. जेसोचा, म्हणजे कॅनव्हासवरच्या अस्तराचा, पांढरा राख आणि रंग पातळ करून थरावर थर दे, फूल आतून उजळतं. एक मात्र लक्षात ठेव. जलरंग वाळला की फिका पडतो, अ‍ॅक्रिलिक वाळला की गडद होतो, कारण त्यातलं बाइंडर, रंग धरून ठेवणारा चिकट भाग, ओलं असताना दुधी असतं आणि वाळल्यावर पारदर्शक. तुझी सवय जलरंगाची, म्हणजे तू गडद भरणार आणि तो आणखी गडद होणार.  आणि उन्हाळ्यात पॅलेटवर रंग दोन मिनिटांत कातडं धरतो, तेव्हा ब्रश पाण्यात बुडवून ठेवायला विसरू नकोस. वाळलेला ब्रश बहुतेक फेकावाच लागतो.

कागद मात्र बदल, आजच. वहीतला पातळ कागद वॉश झेलत नाही, त्याला फुगवटे येतात आणि तू स्वतःला दोष देत बसतोस. कॉटनचा, तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, बावीस बाय तीस इंचांचा एक ताव घे आणि त्याचे आठ तुकडे कर. महाग आहे, माहीत आहे. महिन्याला एकच घे. आठ तुकडे म्हणजे आठच संधी, आणि त्यामुळेच तू हात लावायच्या आधी विचार करशील.

गुलाबीसाठी अलिझारिन क्रिमसन घेऊ नकोस, उन्हात उडतो. खिडकीसमोर टांगलेली माझी एक बोगनवेल काही वर्षांत करडी झाली आणि मला ती फुकट पुन्हा करून द्यावी लागली. क्विनाक्रिडोन रोझ घे.

अजून एक लिहिते, मग थांबते. माझ्या माहेरच्या अंगणात अनंत होता. पहिल्या पावसात फुलायचा, संध्याकाळी वास माजघरापर्यंत यायचा, आणि दुसऱ्या दिवशी फुलं पिवळी पडायला लागायची. आई म्हणायची, याचं एक चित्र काढ ना. काढलं. ऑर्डरींच्या दिवसांत, एका दुपारी, उरलेल्या कॅनव्हासवर, टायटॅनियम व्हाइटचे गोळे थापून. नंतर घर विकलं, नव्या मालकानं गाडीसाठी जागा केली आणि झाड गेलं. आईही गेली. ते चित्र माझ्याकडे आहे. त्यात पानं आहेत, झाड आहे, भिंत आहे, आणि फुलांच्या जागी रंगाचे गठ्ठे. तिला ते आवडलं होतं. मला ते भिंतीवर लावता आलेलं नाही. तुझं तगरीचं चित्र पाहून मला ते आठवलं, तो राग तुझ्यावरचा नव्हता.

माझ्या बाल्कनीतल्या कुंडीतल्या अनंताला यंदा चार कळ्या आहेत, रविवारपर्यंत एखादी उमलेल. सकाळी लवकर ये, दहानंतर तिथे ऊन सपाट पडतं. एक तुकडा कागद, दोन ब्रश, निळा, सिएना, एक हिरवा. पांढरी ट्यूब घरी ठेव.

पोहे करून ठेवते.

तुझी,
मॅडम